बातमीचा पाठ आणि मोबाईल

वृत्तलेखनाचा पाठ आता मोबाईलवाचून होत नाही. मथळा यंत्र सुचविते, भाषांतर यंत्र करते, चित्रेही तेच पुरविते. भित्तिपत्रक त्यामुळे देखणे झाले, हे खरे. परंतु आम्ही शिक्षक ही साधने बातमी सजविण्यासाठीच अधिक वापरतो, पारखण्यासाठी फार थोडी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ह्या दोषातून आम्हीही सुटलेलो नाही. एका पावसाळ्यात वेदगंगेच्या पुराचे म्हणून हाती आलेले छायाचित्र आम्ही भित्तिपत्रकावर लावले. यमगर्णीच्या बाजूने येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, हा पूल आपल्याकडचा नव्हे." मग मोबाईलवरच चित्रावरून शोध घेतला, तो तेच चित्र काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच नदीच्या नावे प्रसिद्ध झालेले आढळले! शोधास दोन मिनिटेही लागली नाहीत. ती दोन मिनिटे आम्ही आधी खर्च केली नव्हती.

पुलाची चूक हसण्यावारी गेली. प्रत्येक चूक तशी जात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला असता बेळगावनजीक हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापाशी महाराष्ट्रातील वाहनांवर दगडफेक झाली, महाराष्ट्राच्या एस. टी. गाड्या कर्नाटकात येईनाशा झाल्या. त्याच महिन्याच्या १४ तारखेस उभय मुख्यमंत्र्यांशी दिल्लीत चर्चा झाल्यावर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा ह्यांनी सांगितले, की बड्या नेत्यांच्या नावे काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनीही हा वाद वाढविला. निपाणीहून कोल्हापूरला जाणेयेणे करणाऱ्या घरांस ह्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

आद्य मराठी पत्रकार बाळशास्त्री जांभेकर हे अध्यापकही होते. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या त्यांच्या 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापीत. आमच्या मुलांजवळ मराठी आणि कन्नड अशी जोडी आहे. बाबूराव ठाकूर ह्यांनी १९१९ साली बेळगावात 'तरुण भारत' सुरू केला. तेव्हापासून येथील घरांना मराठी वृत्तपत्राची सवय आहे. शेजारचे घर कन्नड दैनिक वाचते. एकाच घटनेची दोन्ही भाषांतील वृत्ते पडद्यावर शेजारी ठेवावीत. आकडे जुळतात काय, कोणाचे म्हणणे कोणी गाळले, हे मुलांनी शोधावे. यंत्राचे भाषांतर गोळाबेरीज कळण्यापुरते ठीक. शब्द अडला की कन्नडच्या शिक्षकांकडे जावे. (तेही बिचारे खूश होतात, असा अनुभव आहे.)

मुलांच्या हाती मोबाईल नकोच, असे काही पालक म्हणतात. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. पण घरी तो हाती असतोच, आणि आलेला संदेश पुढे पाठविण्याचा धडा मुलांनी वडीलधाऱ्यांकडूनच गिरविला आहे.

यंदा आमच्या भित्तिपत्रकावर प्रत्येक बातमीखाली लिहिणाऱ्याबरोबर पडताळणाऱ्याचेही नाव असते. पहिल्या महिन्यात फलक निम्मा कोरा राहिला. मुख्याध्यापकांनी कारण विचारले. ते आम्ही सांगितले, आणि फलक तसाच ठेवला.