सांगोल्याची जागा कोणाची?

३० जुलै २०२१ रोजी भाई गणपतराव देशमुख यांचे निधन झाले, तेव्हा महाराष्ट्रातील सर्व पक्षांच्या नेत्यांनी त्यांना आदरांजली वाहिली. त्यांच्या साधेपणाचे, निष्कलंक चारित्र्याचे आणि एस.टी.ने प्रवास करण्याच्या सवयीचे मुक्तकंठाने कौतुक झाले. ते कौतुक खोटे नव्हते. परंतु ज्या राजकारणाशी गणपतरावांनी जन्मभर झुंज दिली, त्या राजकारणाच्या धुरीणांनाही त्यांचा साधेपणा इतक्या सहज गौरविता यावा, यातच एक धोका आहे. माणूस पूजनीय ठरविला की त्याच्या विचारांना उत्तर देण्याची गरज उरत नाही. विरोधकांचे हे धोरण समजण्यासारखे आहे. पण डाव्या चळवळीतील कार्यकर्तेही त्याच वाटेने जाऊ लागले, तर त्यांना गणपतरावांच्या जीवनातून काहीच शिकता येणार नाही.

पेशाने वकील असलेले गणपतराव १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यातून प्रथम विधानसभेवर निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतरची ती पहिली निवडणूक. २६४ पैकी २१५ जागा जिंकून काँग्रेसने राज्य व्यापले होते. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारखे पक्षाचे संस्थापकच काँग्रेसमध्ये परतले होते; यशवंतराव मोहिते यांच्यासारखे कर्तृत्ववान नेतेही तिकडे गेले होते. 'बहुजन समाजाचे राज्य आता आलेच आहे, मग वेगळा पक्ष कशाला?' हा प्रश्न तेव्हा गावोगाव विचारला जात होता. अशा काळात ज्यांनी दाभाडी प्रबंधाचा लाल बावटा खाली ठेवला नाही, त्यांत गणपतराव होते. तेव्हापासून २०१४ पर्यंत एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाच्या वतीने ते अकरा वेळा निवडून आले. महाराष्ट्रात हा विक्रम दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही.

या अकरा विजयांइतकेच त्यांचे दोन पराभवही बोलके आहेत. १९७२ मध्ये ते हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ मध्ये अवघ्या १९२ मतांनी हरले आणि १९९९ मध्ये पुन्हा निवडून आले. पराभूत आमदाराची खरी कसोटी पुढील पाच वर्षांत लागते. सत्ताधारी पक्षाचे दार उघडे असते, कार्यकर्ते चुळबुळ करू लागतात, ठेकेदार नव्या आमदाराच्या अंगणात जाऊन बसतात. त्या दारातून आत गेलेल्यांची यादी महाराष्ट्रात फार मोठी आहे. गणपतराव गेले नाहीत, आणि त्यांच्यामागचा तालुकाही विखुरला नाही. याचे श्रेय एकट्या व्यक्तीच्या सच्चेपणाला देणे म्हणजे वर्षानुवर्षे त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या शेकडो अनाम कार्यकर्त्यांवर अन्याय करणे होय.

ही बांधणी ज्या पायावर उभी राहिली, तो पाया पाण्याच्या प्रश्नाचा होता. सांगोला हा पर्जन्यछायेतील, कायम दुष्काळी तालुका. माणगंगेचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे. कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले. पण ते कोणत्या तालुक्याच्या वाट्याला जावे, हा प्रश्न लवादाचा नव्हता. तो वर्गाचा आणि सत्तेचा प्रश्न होता. ऊसपट्ट्याच्या सत्तेपुढे माणदेशाचा आवाज क्षीण होता. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या, आणि तेरा दुष्काळी तालुक्यांतील शेतकरी आपल्या हक्काचे पाणी मागू लागले. गणपतराव या चळवळीच्या अग्रभागी होते. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांसाठी रस्त्यावर परिषदा आणि सभागृहात पाठपुरावा, असे हे दुहेरी काम वर्षानुवर्षे चालले. सभागृहातील भाषणाला बाहेरच्या हजारो शेतकऱ्यांचे वजन होते, आणि बाहेरच्या मोर्चाला सभागृहात अंदाजपत्रकाचा आकडा वाचता येणारा माणूस होता. विरोधी बाकांवरील एका आमदाराला शासनाकडून काही मिळविता येते ते याच जोडणीमुळे.

मंत्रिपदही त्यांनी दोनदा सांभाळले: १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि १९९९ नंतरच्या आघाडी सरकारात. दुसऱ्या वेळी पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे होती. रोजगार हमी कायदा हा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या घामातून आणि डाव्या पक्षांच्या मोर्चांतून आकाराला आलेला कायदा; तो राबविण्याची जबाबदारी दुष्काळी तालुक्याच्या आमदाराकडे यावी, हे उचितच झाले. तथापि दोन्ही वेळा सत्ता अल्पकाळ टिकली. पहिले सरकार १९८० मध्ये बरखास्त झाले. दुसऱ्यातून पक्ष २००२ मध्ये बाहेर पडला. गणपतरावांच्या सुमारे पन्नास वर्षांच्या विधिमंडळ जीवनात सत्तेचा काळ इतकाच. बाकी सारे विरोधी बाकांवरचे काम. त्याच काळात सांगोल्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली.

येथवरचा इतिहास अभिमानाचा आहे. यापुढचा हिशेब मात्र कडू आहे. १९६७ मध्ये विधानसभेत शेकापचे १९ सदस्य होते. १९७८ मध्ये १३, १९९९ मध्ये ५, २०१४ मध्ये ३, आणि २०१९ मध्ये एक. गणपतराव एकामागून एक निवडणुका जिंकत असताना त्यांचा पक्ष मराठवाड्यातून आणि पश्चिम महाराष्ट्रातून ओसरत होता. सहकारी कारखाने, बँका आणि पतपुरवठा यांच्या जाळ्यात सत्ताधाऱ्यांनी शेतकऱ्याला बांधले, हे कारण खरे आहे. परंतु ते पुरेसे नाही. तेच जाळे सांगोल्याभोवतीही होते. जे सांगोल्यात जमले ते इतरत्र का जमले नाही, हा प्रश्न पक्षाने स्वतःला नेटाने विचारला नाही. 'आबासाहेबांसारखी माणसे आता होत नाहीत' या एका वाक्याने तो मिटविला गेला. आदर हा जबाबदारी टाळण्याचा सर्वांत सभ्य मार्ग असतो.

२०१९ मध्ये वयोमानामुळे गणपतरावांनी निवडणूक लढविली नाही. पक्षाने त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उमेदवारी दिली आणि ते ७६८ मतांनी पराभूत झाले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. त्या निवडणुकीत साऱ्या महाराष्ट्रात पक्षाला मिळालेली ती एकमेव जागा. लाल बावटा सांगोल्यात टिकला, याचा आनंद कार्यकर्त्यांना होणे स्वाभाविक आहे. पण घराणेशाहीवर काँग्रेसला अर्धशतक धारेवर धरणाऱ्या चळवळीला स्वतःसाठी वेगळे माप वापरता येणार नाही. यावर असे म्हटले जाईल की मतदारांनीच कौल दिला, आणि नातवाने आजोबांचे काम पुढे नेले तर त्यात गैर काय? व्यक्तीपुरते पाहिले तर गैर काहीच नाही. पण अर्धशतकाच्या कामानंतर दोनदा उमेदवार निवडताना पक्षाची नजर एकाच घराकडे वळली असेल, तर दोष त्या घराचा नाही. दुसरी फळी घडविण्याचे काम मागे पडल्याचा तो पुरावा आहे.

म्हणून गणपतरावांचे खरे स्मारक पुतळ्यात शोधू नये. उपसा योजनांचे पाणी काही गावांत पोहोचले आहे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला ते मिळते की नाही, याची नोंद कोण ठेवतो? रोजगार हमीवर मजुरी थकली, तर मजुराने कोणाच्या दारात जायचे? पाणीवाटपाचा नियम आणि अंदाजपत्रकाचा आकडा समजणारे, पराभवानंतरही पाच वर्षे तेच काम करणारे किती तरुण स्त्रीपुरुष प्रत्येक दुष्काळी तालुक्यात आहेत? ज्या तालुक्यात या प्रश्नांना नावानिशी उत्तरे देता येतील, तेथे पक्ष जिवंत आहे, मग निवडणुकीचा निकाल काहीही लागो. जेथे उत्तर नाही, तेथे कामाला आरंभ करावा लागेल, आणि तो पुढील निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच.