दुकान-घराची दुरुस्ती : ठेका एकाला द्यावा की पाचांना?

कापडाच्या धंद्यात आम्ही आयुष्यभर मुख्य ठेकेदाराशिवायच काम करून घेतले. सूत आमचे, सायझिंग एकाकडे, विणाई दुसऱ्याकडे मजुरीवर आणि ग्रे कापड तिसऱ्याकडे प्रोसेसला. म्हणून भिवंडीतील आमचे दुकान व वरचे घर दुरुस्तीला काढले, तेव्हा ठेकेदाराने सांगितलेली जादा रक्कम आम्हाला निव्वळ दलाली वाटली. गवंडी, प्लंबर, वायरमन, लादीवाला व सुतार आम्ही स्वतःच लावले.

हिशेब येथेच चुकला. वायरमन गिलावा झाल्यावर आला. झिरी मारण्यासाठी नवी भिंत फोडावी लागली. तोवर लादीवाला दोन दिवस बसून राहिला, त्याची रोजी आम्हीच भरली. ऐन लग्नसराईत गल्ला सोडून आम्ही सिमेंटमागे फिरत होतो. राहायला गेल्यावर महिनाभरात न्हाणीघराचे पाणी खाली दुकानात उतरले व ताके भिजले. प्लंबर म्हणाला, लादीवाल्याने वॉटरप्रूफिंग फोडले. लादीवाला म्हणाला, पाईपचा जोडच कच्चा. दोघांनाही आणणारे आम्हीच. तक्रार कोणाकडे करायची?

ताका टेबलावर पसरून तपासता येतो. खोट निघाली तर मजुरीतून कापता येते. भिंतीत गेलेला पाईप तपासता येत नाही. ठेकेदार जादा घेतो ते या जोखमीचे आणि कामाचा क्रम सांभाळण्याचे.

याचा अर्थ ठेकेदारावर सारे सोपवून निर्धास्त व्हावे असा नाही. आमचे मत असे : रंग, शटर, कपाटे यांसारखे एकाच कारागिराचे काम असेल आणि रोज तासभर फुरसत असेल, तर स्वतः करून घ्यावे, पैसे वाचतात. पाणी, वीज व लादी एकाच भिंतीत येत असतील, तर जबाबदार माणूस एकच असावा.

त्याच्याशी करार मात्र लेखी हवा. सिमेंट, पाईप, वायर कोणत्या प्रतीची, दर कोणत्या मापाने, मुदत किती, हे आधी लिहावे. पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यावेत. लादी बसविण्यापूर्वी न्हाणीघरात ४८ तास पाणी भरून ठेवावे व खालचे छत पाहावे. एक दशांश रक्कम पावसाळा उलटेपर्यंत राखावी. पण ती ठेकेदाराच्या हिश्श्यातून, मजुरांची रोजी अडवून नव्हे.

कराचेही आधीच बोलावे. नोंदणीकृत ठेकेदाराच्या मटेरियलसह बिलावर साधारणपणे १८ टक्के जीएसटी लागतो. दुकानाचे काम आहे, इनपुट क्रेडिट मिळेल, या भरवशावर व्यापाऱ्याने राहू नये. इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च वहीत भांडवली धरला, तर कलम १७(५) प्रमाणे ते क्रेडिट मिळत नाही. म्हणून कर वाचविण्यासाठी बिनबिलाचे काम करून घ्यावे, असा मोह होतो. पण बिल नसेल तर उद्या भांडायला हाती कागद कोणता?

पाच कारागीर लावून आम्ही जे वाचविले, त्याहून जास्त भिजलेल्या ताक्यांत गेले. वाचकांनी हा धडा आमच्या खर्चाने घ्यावा.