एका खुनाला चारशे

इ.स. ६१ मध्ये रोमचा नगरप्रमुख पेडॅनियस सेकुंडस याचा त्याच्याच गुलामाने घरात खून केला. सुटकेचा ठरलेला सौदा मोडला म्हणून, की एकाच मुलावर दोघांचा जीव जडला म्हणून? रोमन इतिहासकार टॅसिटस दोन्ही शक्यता नोंदवतो. जुन्या रिवाजाने त्या छपराखालच्या साऱ्या गुलामांना देहदंड होता: ४०० जण, बायकामुलांसकट. सिनेटमध्ये कॅसियस लाँजिनस, मोठा कायदेपंडित बरं का, निरपराधही मरतील हे कबूल करून शिक्षेच्याच बाजूने बोलला. धाक हवा, म्हणे! लोक दगड-मशाली घेऊन रस्त्यावर उतरले, तर सम्राट नीरोने वाटेवर दुतर्फा सैनिक उभे करून शिक्षा उरकली. त्या घरातल्या मुक्त गुलामांना इटलीबाहेर हाकलण्याची सूचना मात्र त्याने फेटाळली. क्रौर्यात भर नको, असं कारण देऊन.