परक्या गांवचें पाणी

गेल्या अंकीं आम्हीं घाना देशाच्या प्रवासाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्या विचारतात, "आक्रा शहरांतलें पुतण्याचें घर समजलें, परंतु उत्तरेकडील गांवीं आपण उतरलांत कोठें, जेवलांत काय, आणि आपल्या सोंवळ्याचें काय केलेंत?" प्रश्न तीन आहेत. पहिल्या दोहोंचें उत्तर आम्ही सुखानें देऊं. तिसऱ्याचें देतांना मात्र आम्हांस थोडी मान खालीं घालावी लागणार आहे. तरी क्रमानेंच सांगतों.

आमचा पुतण्या तिकडे पाण्याच्या पंपांच्या कामावर आहे. जानेवारीत त्याचें काम नाव्रोंगो नांवाच्या गांवीं निघालें, आणि "काका, तुम्हीहि चला" असें म्हणून त्यानें आम्हांस बरोबर घेतलें. हें गांव राजधानीपासून सुमारें ८०० किलोमीटर उत्तरेस असून तेथून थोडें पुढें गेलें कीं बुर्किना फासो देशाची हद्द लागते. या देशीं जाणाऱ्या प्रत्येकास पीतज्वराची लस टोंचून घेतल्याचा पिवळा दाखला जवळ बाळगावा लागतो, हें जाणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. त्या दिवसांत सहारा वाळवंटाकडून हरमॅटन नांवाचा कोरडा वारा वाहतो. आकाश धुळीनें पांढुरकें होतें, ओंठ फुटतात आणि रात्रीं पांघरूण लागतें.

उतरण्याची जागा म्हणजे एक साधें बैठें हॉटेल होतें. मधें अंगण, अंगणांत मोठें झाड आणि तिन्ही बाजूंस खोल्या. झाड पाहून आम्ही थबकलों, कारण तें कडुनिंबाचें होतें! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हें झाड हिंदुस्थानांतून त्या देशीं नेलें गेलें, आणि आतां उत्तर भागांत जिकडे तिकडे त्याचीच सांवली असते. खोलींत एक खाट, मच्छरदाणी, पंखा, प्लॅस्टिकची खुर्ची आणि स्नानास एक बादली. नळाला सकाळीं तासभर पाणी, मग अंगणांतल्या काळ्या टाकीवरून आणावयाचें. जागा लख्ख झाडलेली होती. आमच्या मतें उतारूस याहून अधिक कांहीं लागत नाहीं.

आम्ही सामान ठेवून अंगणांत बसतों न बसतों तोंच मालकीणबाई स्वतः बाहेर आल्या. वय पन्नाशीचें असावें. हातांत भोपळ्याच्या वाळल्या कवचाचें पात्र होतें, आपल्याकडील तुंब्याच्या जातीचें. त्यांत पांढुरकें पाणी होतें. वडील माणसापुढें येतांना तिकडील बायका गुडघे किंचित् वाकवितात. तशा वाकून त्यांनीं तें पात्र दोन्ही हातांनीं आमच्यापुढें धरलें. बाजरीचें पीठ पाण्यांत कालवून, त्यांत आलें व तिखट मसाला घालून हें करितात. त्या प्रांतीं पुष्कळ ठिकाणीं यास झोमकोम म्हणतात. पाहुण्याला प्रथम हें द्यावयाचें आणि मग येण्याचें कारण विचारावयाचें, अशी तिकडील रीत आहे.

आम्हीं हात जोडले आणि म्हणालों, "क्षमा असावी. वैद्यांनीं बाहेरचें पाणी वर्ज्य सांगितलें आहे."

"पापा, पाणी उकळलेलें आहे," बाई म्हणाल्या. तिकडे वृद्धास पापा म्हणतात.

वैद्यांचें निमित्त तेथेंच संपलें. तरीहि आम्हीं मान हालविली. बाई "बरें, पापा" एवढेंच बोलल्या आणि पात्र घेऊन आंत गेल्या. आम्ही खोलीचें दार लोटून पिशवींतल्या दशम्या आणि लसणीची चटणी काढली, स्वतःची वाटी आणि पेला काढला, आणि जेवलों.

रात्रीं पुतण्या म्हणाला, "काका, नुसते ओंठ लावले असते तरी चाललें असतें. इकडे पाणी नाकारलें म्हणजे मनांत कांहीं धरून आला असें समजतात." आम्ही कांहीं बोललों नाहीं. मच्छरदाणी खोंचून पडलों. त्या मच्छरदाणीचीहि एक हकीकत आहे. औषधांत बुडविलेल्या मच्छरदाणीनें लहान मुलें वांचतात किंवा नाहीं, याची जगांतील मोठी परीक्षा ज्या थोड्या ठिकाणीं झाली, त्यांत याच गांवच्या आसपासचीं खेडीं होतीं. १९९३ पासून दोन वर्षें तो प्रयोग चालला, आणि बालमृत्यूचें प्रमाण सुमारें १७ टक्क्यांनीं उतरल्याचें १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. आज आफ्रिकेंत कोट्यवधि मुलें अशा जाळीखालीं निजतात, त्याला या गांवच्या आयांनीं दिलेली साक्ष हेंहि एक कारण आहे. त्या जाळीखालीं आम्ही निर्धास्त पडलों होतों; फक्त त्यांचें पाणी आम्हांस चाललें नव्हतें.

आतां जेवणाविषयीं. दशम्या दोन दिवसांत संपल्या, आणि मग आम्हांस डोळे उघडून पाहाणें भाग पडलें. पाहातों तों सर्व ओळखीचें! सकाळीं कोपऱ्यावर एक बाई "कोको" विकते. नांवावरून चॉकलेटचें पेय वाटेल, पण तें आहे बाजरीचें आंबवून शिजविलेलें पातळ पेय, आलें व मिरी घातलेलें. म्हणजे आपली आंबीलच. त्याबरोबर "कोसे" देतात. चवळी भिजवून, वाटून, तळलेले वडे. दुपारीं बाजरीच्या अथवा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि पालेभाजीचें कालवण, त्यास "तुओ झाफी" म्हणतात. कालवणांत मांस किंवा मासळी असते, म्हणून विचारून घ्यावें लागतें. पालेभाजींत अंबाडीहि असते, आणि तिच्या तांबड्या बोंडांचें सरबत सर्वत्र मिळतें. विद्वान् लोक सांगतात कीं, बाजरी हें धान्य मूळचें पश्चिम आफ्रिकेंतलें. सहाराच्या दक्षिण कडेस चार हजार वर्षांहून अधिक काळापूर्वीं तें प्रथम लागवडीस आलें आणि समुद्रमार्गें आपल्याकडे पोंचलें. चवळीचेंहि माहेर आफ्रिकाच. ज्या भाकरीला आपण देशावरची म्हणून मिरवितों, तिच्या माहेरीं आम्ही बसलों होतों, आणि त्या घरचें पाणी आम्हीं परत पाठविलें होतें.

तिसऱ्या दिवशीं बाजार. आपला आठवडे बाजार सात दिवसांनीं. तिकडे दर तिसऱ्या दिवशीं. एरवीं गांव इतकें शांत कीं दुपारीं शेळ्यांच्या खुरांचा आवाज ऐकूं यावा. त्या दिवशीं मात्र रस्ता भरून जातो. विकणाऱ्या बहुतेक बायकाच. भुईमूग, बाजरी, सुकी भेंडी, वाळली मिरची, गवताच्या विणलेल्या रंगीत टोपल्या आणि शिया नांवाच्या झाडाच्या बियांचें पांढरें लोणी. बिया उकडून, वाळवून, भाजून, दळून, मग पाण्यांत हातानें घुसळीत राहावयाचें, म्हणजे स्निग्धांश वर येतो. काम फार कष्टाचें आहे आणि तें सर्व बायका करितात. हें झाड आपल्या मोहाच्याच कुळांतलें. मोहाच्या बियांचेंहि तेल काढतात, हें आपल्याकडील वनवासी बायकांस ठाऊक आहे.

पैशाचें नांवहि ओळखीचें निघालें. त्यांच्या नाण्यास सेडी म्हणतात. तो तेथील अकान भाषेंत कवडीसाठीं असलेला शब्द. आणि त्या कवड्या येत कोठून? बहुतांशीं मालदीव बेटांवरून, आपल्याच समुद्रांतून! भास्कराचार्यांच्या लीलावतीचा आरंभ वीस कवड्यांची एक काकिणी आणि चार काकिणींचा एक पण या कोष्टकानें होतो. आम्हीं तें कोष्टक पाठ केलें होतें. पण त्याच कवडीवर इतक्या दूरचा बाजार चालत असे, हें आम्हांस तेथें जाऊन कळलें.

बाजाराच्या जवळच्या वस्तीस झोंगो म्हणतात. हा शब्द हौसा भाषेंतला. अर्थ तांड्याचा मुक्काम. उत्तरेकडून गुरें आणि मीठ येई, दक्षिणेच्या रानांतून कोलाफळें जात. कोलाफळ म्हणजे तिकडची सुपारीच. पाहुण्यास, सोयरिकीस तेंच द्यावयाचें. हॉटेलें नव्हतीं त्या काळीं हे व्यापारी उतरत कोठें? प्रत्येक बाजारगांवीं यजमान असत, त्यांस मैगिदा म्हणजे घरधनी म्हणत. परक्या व्यापाऱ्यानें त्याच्या घरीं उतरावें, जेवावें, माल ठेवावा. यजमानानें गिऱ्हाईक गांठून द्यावें, उधारीची जबाबदारी घ्यावी, आणि विक्रीवर आपली दलाली घ्यावी. म्हणजे धर्मशाळा, अडत आणि जामिनकी हीं तिन्ही एकाच उंबरठ्याच्या आंत. पॉली हिल या विदुषीनें १९६६ सालीं या पद्धतीवर लेख लिहून ती जगापुढें मांडली. पुढें इंग्रजी अमलांत सरकारी विश्रामगृहें आलीं, जसा आपल्याकडे डाकबंगला. आणि आतां हीं साधीं हॉटेलें. परंतु हजारों मैलांचा तो व्यापार चालला, तो अनोळखी माणसाला घरांत घेण्याच्या रीतीवर. तेथें पाणी हें नुसतें पाणी नव्हे. तो विश्वासाचा पहिला व्यवहार आहे. आपल्या शास्त्रांतहि पाहुण्याला पाद्य, अर्घ्य आणि आचमनासाठीं पाणी देणें हाच पहिला उपचार. हें आम्हीं शाळेंत वर्षानुवर्षें शिकविलें. देणाराचा धर्म शिकविला. घेणाराचाहि कांहीं धर्म असतो, हें शिकविण्याचें राहून गेलें.

चौथ्या दिवशीं पुतण्यानें आम्हांस जवळच्या पागा गांवीं नेलें. तेथें पिकवोरो नांवाचा खडकाळ माळ आहे. गुलामांच्या व्यापाराच्या काळीं धरून आणलेलीं माणसें येथें ठेवीत, आणि मग दक्षिणेकडे सालागाच्या बाजारीं हांकून नेत. खडकांत वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत. कैद्यांचें अन्न त्यांत ओतीत, असें तेथें सांगतात. आम्ही त्या खळग्यांपाशीं बराच वेळ उभे होतों. पाहुणा आणि माल यांत भेद तो काय? पाहुण्याची तहान कोणी विचारतें, मालाची कोणी विचारीत नाहीं. ज्या भूमीवर माणसांस माल करून नेलें, तेथील एका बाईनें परक्या म्हाताऱ्याची तहान न मागतां विचारली होती.

सायंकाळीं परत आल्यावर आम्ही स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशीं गेलों. मालकीणबाई भाजी निवडीत होत्या. आम्हीं म्हटलें, "बाई, पहिल्या दिवशीं मी खोटें बोललों. वैद्यांचें कारण नव्हतें. आमच्याकडे परक्याच्या हातचें घेत नाहींत, म्हणून घेतलें नाहीं. आज मिळेल काय?"

बाईंनीं आमच्याकडे क्षणभर पाहिलें. त्या हंसल्या नाहींत, रागावल्याहि नाहींत. उठल्या, हात धुतले, पीठ कालविलें आणि तेंच पात्र आणून दिलें. आम्हीं तें सर्व प्यालों. चव आंबटसर, तिखट आणि मागें बाजरीची गोडी. मग त्यांनीं रीतीप्रमाणें विचारलें, "आतां सांगा पापा, कशाकरितां आलांत?" चार दिवस त्यांनीं तो प्रश्न राखून ठेवला होता!

भगिनींच्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर येथें संपावयास हरकत नव्हती. परंतु आणखी थोडें सांगणें प्राप्त आहे. आमच्या घरीं मोरीजवळच्या फळीवर एक कपबशी वेगळी असते. कोणाची, हें वाचकांस सांगावयास नको. पुष्कळांच्या घरीं ती असेल. आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाई वीस वर्षांहून अधिक काळ येतात, आमच्या नातवंडांस त्यांनीं न्हाऊं घातलें आहे, आणि चहा मात्र त्या त्या कपांतून पायरीवर बसून घेतात. परतल्यावर एके दिवशीं आम्हीं ती कपबशी उचलून इतर कपांत ठेविली. घरांत थोडा वेळ शांतता झाली. मग सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, मी या घरीं आल्यापासून तो कप पाहत आहें. विचारण्याचें धैर्य होत नव्हतें." आमच्या कुटुंबाचें म्हणणें निराळें पडलें. "देवघराचें मला कांहीं सांगूं नका," त्या म्हणाल्या, "पण कपाचें तुम्ही म्हणतां तें खरें आहे. उगीच राहिला होता."

दुसऱ्या दिवशीं बाईंना चहा सर्वांच्याच कपांतला दिला. त्यांनीं कप ओळखला, आमच्याकडे पाहिलें, आणि तो घेऊन त्या नेहमीप्रमाणें पायरीवरच जाऊन बसल्या. सवय जावयास दिवस लागतील. त्यांच्याहि आणि आमच्याहि.