भाकरीबरोबर लसही द्या

उद्यमबागेत असा कारखाना क्वचितच सापडेल, ज्याच्या फाटकाशी एक-दोन कुत्री नसतील. दिवसा शेडच्या सावलीत, रात्री वॉचमनच्या सोबतीला. कामगारांच्या डब्यातील उरलेली भाकरी त्यांना मिळते, पण मालक कोणी नसतो. मांजरांचेही तसेच, दूध चार घरी पितात आणि घर एकही नसते. आमच्या मते खरी अडचण हीच आहे. खाऊ घालणारे पुष्कळ, जबाबदारी घेणारा कोणी नाही.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर इलाज नाही. माणसाला हा रोग १०० पैकी ९९ वेळा कुत्र्यामुळे होतो. मात्र वस्तीतील ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चोर्ला घाट उतरून पाहा. गोव्यात सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी वर्षानुवर्षे गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस दिली आणि २०२१ साली ते राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाले. आपल्या टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत तर एकेकाळी देवीची लस तयार होत असे. देवी रोग जगातून हद्दपार झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. लसीचे मोल बेळगावकरांना दुसऱ्याने सांगायला नको.

पालकांना आमची विनंती आहे. घरात पिल्लू आणले तर दीड-दोन महिन्यांचे होताच पशुवैद्याकडे न्यावे. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात आणि पुढे सांगितलेल्या मुदतीत, बहुधा दरवर्षी द्यावी. पिल्लांना जंत बहुधा आईकडूनच येतात; त्यांची अंडी अंगणातील मातीत पडतात आणि खेळणाऱ्या मुलांच्या हातून पोटात जातात. म्हणून जंताचे औषध वजनानुसार वेळोवेळी द्यावे. गोचीड रक्त पितात आणि तापही पसरवतात. मात्र कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन असलेले औषध मांजराला कधीही लावू नये. ते त्याच्या जिवावर बेतते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच गोष्ट. कुत्रे किंवा मांजर चावले, नखाने ओरखडले, तर रागावतील म्हणून घरी लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस गेले. आता ती दंडावर मोजकीच असतात. आणि पालकहो, मूल सांगायला आले तर आधी जखम पाहा. रागावणे नंतरही होईल.

ज्या हाताने भाकरी टाकली, त्याच हाताने लसीचीही व्यवस्था करावी. ज्या कारखान्याचे फाटक कुत्रे राखते, त्या कारखान्याला हा खर्च जड नाही.