पंखा फिरतो, पडदा काळा!

दोस्तांनो, आज सगळी पत्रं बाजूला ठेवून आठवीतल्या एका वाचकाचं पत्र आधी घेतोय. बिचारा अगदी रडकुंडीला आलाय. बाबांनी नवा प्रोसेसर आणून दिला, यानं जुना काढून तो स्वतः बसवला आणि बटण दाबलं. पंखे गरगरले, दिवेही लागले. पडदा मात्र काळा तो काळाच. आपल्या हातून कॉम्प्युटर मेला असं त्याला वाटतंय. बाबांना त्यानं अजून सांगितलेलंही नाही!

बाबांना आजच सांगायचं, बरं का. का ते पुढे कळेल.

पंखे फिरतायत म्हणजे वीज पोचतेय. आता त्यानं पत्रात दिलेली नावं बघा. मदरबोर्ड बी४५० जातीचा, २०१८ साली घेतलेला. जुना प्रोसेसर रायझन ३ २२००जी, नवा रायझन ५ ५६००. दोघांनाही १३३१ पिना, दोघंही एकाच सॉकेटात बसतात. मग अडलं कुठे?

बटण दाबल्यावर विंडोजच्या कितीतरी आधी जागा होतो तो बायोस. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये राहणारा हा छोटासा प्रोग्रॅम. प्रोसेसर कोण, मेमरी किती, याची तो हजेरी घेतो. पण त्याचा हजेरीपट २०१८ चा, आणि ५६०० बाजारात आला २०२२ साली! जूनमध्ये लिहिलेल्या हजेरीपटात दिवाळीनंतर आलेल्या मुलाचं नाव कसं असेल? नवा हजेरीपट म्हणजे नवा बायोस घालावा लागतो. हा घोळ फार जणांचा झालाय. २०१८ मध्ये तर एएमडी कंपनी अशा अडलेल्या गिऱ्हाइकांना, बायोस बदलण्यापुरता एक जुना प्रोसेसर चक्क उसना देत होती!

आपल्या मित्राला उसनवारी करायला नको. त्याचा जुना प्रोसेसर घरातच आहे. तोच परत बसवायचा. कॉम्प्युटर सुरू झाला, तर मदरबोर्ड, मेमरी सगळं ठीक आहे हे सिद्ध झालं. निम्मी काळजी तिथंच मिटते.

मात्र काढता-घालताना घाई नको. मोठं माणूस शेजारी हवं आणि प्लग भिंतीतून काढलेला हवा. हात आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. प्रोसेसरवरचा कूलर सरळ वर खेचायचा नाही! मधली पेस्ट वाळून घट्ट झाली असेल तर कूलरला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळून सुटा करायचा. परत बसवताना जुनी पेस्ट पुसून नवी लावायची. कूलरच्या पंख्याची वायर आणि प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ भोकांचा वीजप्लग, दोन्ही लागलेत ना, हेही बघायचं. तो प्लग राहून गेला तरी नेमकं असंच होतं : पंखे फिरतात, पडदा काळा.

जुन्यावर कॉम्प्युटर सुरू झाला की मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच वेबसाइटवर जायचं. मॉडेलचं नाव अक्षर न् अक्षर जुळवायचं. बी४५० नावाचे बोर्ड ढीगभर आहेत. कुठला प्रोसेसर कुठल्या बायोसपासून चालतो याची यादी तिथं असते. काही बोर्डांना आधी मधली एखादी आवृत्ती घालावी लागते, तेही तिथंच वाचायला मिळतं. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन बायोसमधूनच ती चढवायची. चढत असताना वीज गेली तर बोर्ड खरंच बंद पडू शकतो. तेव्हा लोडशेडिंगची वेळ टाळा. यूपीएस असेल तर उत्तम.

मग नवा प्रोसेसर. पहिल्यांदा सुरू होताना मेमरीची जुळणी चालते, त्याला एखाद-दोन मिनिटं लागू शकतात. लगेच बटण बंद करू नका. तरीही काही नाही, तर प्लग काढून मदरबोर्डवरची ३ व्होल्टची गोल बॅटरी पाचेक मिनिटं बाहेर ठेवायची. बायोसच्या जुन्या सेटिंग्ज पुसल्या जातात.

पण थांबा! एवढं सगळं बरोबर करूनही आपल्या मित्राचा पडदा काळाच राहणार आहे. पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : मॉनिटरची वायर त्यानं मदरबोर्डलाच लावलीय, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. जुन्या २२००जी मध्ये चित्र काढणारा भाग आतच होता. नावातलं ते ‘जी’ त्याचंच. ५६०० मध्ये तो भागच नाही! चित्र येणार कुठून? आणि गंमत म्हणजे दोन निराळी कारणं, पण दिसायला आजार एकच. एक बरं केलं तरी दुसऱ्यानं पुन्हा घाबरवलं असतं.

म्हणून म्हटलं, बाबांना आजच सांग. दुकानात वस्तू बदलून देण्याची मुदत असते, ती उलटायच्या आत बिल आणि खोकं घेऊन दोघं जा. ५६०० देऊन ५६००जी मिळतो का विचारा. तो त्याच सॉकेटात बसतो आणि चित्रही दाखवतो. बायोस मात्र त्यालाही नवाच लागेल, तेवढं काम दुकानात जायच्या आधी जुन्या प्रोसेसरवर उरकून घे. नव्या प्रोसेसरच्या पिना एकदा उजेडात धरून बघ. वाकडी दिसली तर स्वतः सरळ करत बसू नकोस, दुकानदाराला दाखव. आणि काय झालं ते मला कळव, पोस्टकार्ड चालेल.