जप्त केलेला ही-मॅन

या दिवाळीत आम्ही सगळे पासलीच्या घरी जमलो होतो. फराळ झाला, ओसरीवर गप्पा रंगल्या आणि नेहमीप्रमाणे गाडी आमच्या चिरंजीवांच्या छंदावर आली. चिरंजीव आता सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. पुण्यात चांगली नोकरी आहे, फ्लॅट आहे, आणि त्या फ्लॅटच्या एका भिंतीवर काचेच्या कपाटात ही-मॅनची पन्नासेक बाहुली आहेत. सगळी बंद डब्यात. आमचे मेहुणे म्हणाले, "अरे, पोराचं लग्न करायची वेळ आली आणि बाप अजून बाहुल्या जमवतोय!" सगळे हसले. मीही हसलो. मात्र रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या हसण्याची लाज वाटली. का, ते सांगतो.

नात्यातल्या वडीलधाऱ्यांसाठी आधी थोडी माहिती. अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीने १९८२ साली 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स' नावाची खेळणी बाजारात आणली. साडेपाच इंच उंचीची पिळदार बाहुली. नायक ही-मॅन, निळ्या अंगाचा कवटीतोंड्या खलनायक स्केलेटर, हिरवा वाघ बॅटल कॅट आणि ग्रेस्कल नावाचा किल्ला. बाहुल्याची कंबर पिळून सोडली की ते गर्रकन फिरून ठोसा मारायचं. प्रत्येक बाहुल्यासोबत एक छोटी चित्रकथाही असायची. १९८३ पासून कार्टून आलं आणि त्या दशकाच्या अखेरीस ते आपल्या दूरदर्शनवरही दिसू लागलं. आपल्याकडे लिओ या नावाने हीच बाहुली तयार होऊन विकली जात. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांनी कार्टून पाहिलं, ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बाहुली घेतली. बाकीच्यांनी दुकानाच्या काचेला नाक लावलं. आमचा मुलगा या बाकीच्यांत. त्याने मागितलं होतं, मी "बघू" म्हणालो होतो. मास्तरच्या घरात "बघू"चा अर्थ मुलांना बरोबर कळतो.

ती मुलं पुढे मोठी झाली, कमावू लागली, आणि हे कंपनीच्या ध्यानात आलं. २००८ साली तिने 'क्लासिक्स' नावाने जरा मोठी, देखणी बाहुली काढली. ती प्रामुख्याने या प्रौढ संग्राहकांसाठीच होती. २०२० पासून दुकानांत 'ओरिजिन्स' आली. तीच जुनी साडेपाच इंच उंची, तेच रूप, फक्त कोपर, गुडघे, मनगटं वळणारी. आमच्या घरातलं कपाट मुख्यतः याच मालिकेने भरलं आहे.

आता मेहुण्यांच्या मुद्द्याकडे वळतो. पुण्यात बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. आम्ही शाळेच्या सहली तिथे नेत असू. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, आयुष्यभर काय जमवलं? दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, पाय घासायच्या वज्र्या, दरवाजे. लोकांनी अडगळीत टाकलेल्या वस्तू. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि १९७५ साली तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज आपण तिथे चपला काढल्यासारख्या आदराने फिरतो. मग अडकित्ता जमवणारा रसिक आणि प्लॅस्टिकचा ही-मॅन जमवणारा पोरकट, हे कोणत्या न्यायाने? अडकित्ता जुना म्हणून? ही-मॅनही चाळीस वर्षांचा झाला की! माणूस जे जमवतो त्यामागे बहुतेक वेळा हातातून निसटलेलं काहीतरी असतं. ते काय आहे, हे आधी विचारावं आणि मग हसावं.

पण मला झोप न येण्याचं कारण वेगळंच होतं.

दोन वर्षांपूर्वी पासलीच्या घरातली जुनी ट्रंक उपसताना हजेरीपत्रकांच्या खाली एक ही-मॅन सापडला. उचलला तर एक पाय गळून पडला. आतलं रबर कुजलं होतं. तो कुणाचा, हे क्षणात आठवलं. १९८९ च्या सुमारास, तालुक्यातल्याच एका शाळेत असताना, भूमितीच्या तासाला बाकाखाली तो फिरवणाऱ्या एका मुलाच्या हातातून मी तो काढून घेतला होता. "वर्ष संपल्यावर मिळेल," म्हणालो आणि कपाटात टाकला. वर्ष संपायच्या आत माझी बदली झाली. कपाटातलं सामान ट्रंकेत गेलं आणि ट्रंक माळ्यावर. त्या मुलाने तोंड उघडून मागितलं नाही. तेव्हाची मुलं गुरुजींकडे काही परत मागत नसत.

चिरंजीवांनी ते बाहुलं रंगावरून ओळखलं. "अण्णा, हा लिओचा आहे! परदेशातले लोकसुद्धा शोधत असतात. मला द्या." मी म्हणालो, "तो माझा नाही, तुला कसा देऊ?" मग त्यानेच आतलं रबर बदलून पाय बसवून दिला, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

चौकशी करत त्या विद्यार्थ्याचा पत्ता लागला. मढे घाटाकडे जाणाऱ्या पर्यटकांसाठी त्याने रस्त्यालगत चहा-भज्यांचं छोटं हॉटेल टाकलं आहे. मी पिशवीतून ही-मॅन काढून समोर ठेवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, मुंबईच्या मामानं आणला होता. हरवला म्हणून सांगितलं घरी. मामा म्हणाला, दिलेलं सांभाळता येत नाही याला. परत काही आणलं नाही त्यानं." वर चहाचे पैसेही घेतले नाहीत. छत्तीस वर्षं शिकवलं. आदर्श शिक्षक म्हणून नारळ-शाल घेतली. पण त्या एका चहाने मला जेवढं शिकवलं तेवढं कशाने नाही.

काही महिन्यांनी पुन्हा त्या वाटेने गेलो. त्याची धाकटी मुलगी गल्ल्याशेजारी बसून खेळत होती. ही-मॅनच्या डोक्यावर लाल चिंधीचा फेटा होता. मी हे चिरंजीवांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. संग्राहकाच्या हिशोबाने त्याची किंमत गेली म्हणे!

इथे माझं आणि त्याचं जमत नाही. त्यानेच मला एकदा सांगितलं होतं, की जुन्या ही-मॅनकडे आणि स्केलेटरकडे तलवारीचा अर्धा अर्धा भाग असतो. दोन्ही जोडले की एक अखंड तलवार होते, आणि तीच ग्रेस्कल किल्ल्याची किल्ली. म्हणजे एकाकडे नायक, दुसऱ्याकडे खलनायक, आणि दोघांनी एकत्र आल्याशिवाय किल्ला उघडायचा नाही. इतका शहाणपणाचा खेळ ज्याने रचला, त्याने तो काचेमागे ठेवायला रचला नसणार. आमची मुलं जमवतात ते निसटलेलं बालपण, हे मला मान्य आहे. पण डबा न फोडता ते परत कसं येणार? काच लावली की आपणच आपल्या खेळण्यावर जप्ती आणतो. मी दुसऱ्याच्या खेळण्यावर आणली होती, एवढाच फरक.

या दिवाळीत नातवाने आणि वाडीतल्या पोरांनी अंगणात मातीचा तोरणा केला. सिंहासनावर महाराज, बुरुजावर मावळे, उतारावर अळीव पेरलेले. गुहेतला वाघ मात्र गेल्या वर्षी फुटला होता. चिरंजीवांच्या बॅगेत नुकताच आलेला हिरवा बॅटल कॅट होता. नातवाने मागितला. बाप म्हणाला, "बघू."

तो शब्द ऐकून मी दचकलो. आमच्या सौ. म्हणाल्या, "दे की, वाघजाईच्या मुलखात वाघाला कशाला कोंडतोस?"

दिवाळी संपेपर्यंत गुहा रिकामीच राहिली. मी काही बोललो नाही. मुलांची खेळणी काय करावीत हे ठरवण्याचा माझा अधिकार मी १९८९ सालीच वापरून संपवला आहे. पण तो हे लिहिलेलं वाचतो, हे मला ठाऊक आहे. पुढच्या दिवाळीला अजून वेळ आहे.